ड्रायव्हर पाहिजे!

"पुढच्या रविवारी भंगारवाला येणार आहे. त्याच्या आत काय ते ठरवा."

पोळ्या लाटता लाटता आईने बॉम्ब टाकला. टाकला बाबांवर, पण फुटला माझ्या डोक्यात. कारण मी नेमकी त्या दिवशी घरी होते. आणि फ्रीलान्सर माणूस घरी दिसला की तो रिकामाच आहे, असा आपल्याकडे एक पक्का समज आहे!

तर मंडळी, सीन असा. आमची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली आहे. पुढची तीन वर्षं भाड्याच्या वन बीएचकेत काढायची. पितळी पिंप मामाकडे गेलं, शिलाई मशीन मावशीकडे गेलं, माझी मास कॉमची पुस्तकं रद्दीत गेली (त्याबद्दल कुणालाच वाईट वाटलं नाही, मलासुद्धा). उरला एकच आयटम. बाबांचा कॉम्प्युटर. २००२ साली त्यांनी एकेक पार्ट आणून स्वतः जोडलेला पेंटियम फोर. मी तेव्हा पाच वर्षांची होते आणि स्क्रू सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. त्यातला एक मी गिळला होता असा आमच्या घरात प्रवाद आहे. असो.

"गाणी पेन ड्राइव्हवर घेतलीत ना? मग हे धूड कशाला?" आईचा पॉइंट चुकीचा नव्हता. त्यावरचं विंडोज एक्सपी कधीच बसलं होतं. सीडी हरवलेली. आणि मुळात मायक्रोसॉफ्टनेच एक्सपीचा सपोर्ट २०१४ च्या एप्रिलमध्ये बंद केलेला.

बाबा काही बोलले नाहीत. टेन्शन त्याचंच होतं. बाबांनी आयुष्यभर कारखान्यात मेंटेनन्स केला. घरातल्या मिक्सरपासून सोसायटीच्या पंपापर्यंत काहीही बिघडलं की त्यांचे डोळे चमकायचे. गेल्या वर्षी बायपास झाली आणि तेव्हापासून त्यांची हत्यारांची पिशवी माळ्यावर गेली. नळ गळला तरी म्हणायचे, "प्लंबरला बोलवा. आपला सपोर्ट संपला आता." आम्ही हसायचो. हसण्यासारखं त्यात फारसं काही नव्हतं.

त्या रात्री पाणी प्यायला उठले तर हॉलमध्ये दिवा. बाबा खाली बसलेले. कॅबिनेट उघडं. हातात साउंड कार्ड. त्याचे सोनेरी पाय ते खोडरबराने हळूहळू घासत होते.

"काय करताय बाबा?"

"अगं, द्यायचंच आहे तर स्वच्छ करून द्यावं."

बस्स. तिथेच ठरवलं. रविवारच्या आत हे मशीन बोललं पाहिजे.

हायकू, पण कवितेतलं नाही

सकाळी माझ्या एका आयटीवाल्या मित्राला फोन लावला. पेंटियम फोर, ३२-बिट, ५१२ एमबी रॅम, हे ऐकून तो आधी दोन मिनिटं हसला. मग सीरियस झाला. म्हणाला, नवीन विंडोजचं नावच सोड. लिनक्सचंही आता अवघड होत चाललंय. डेबियनसारख्या सगळ्यांना सांभाळून घेणाऱ्या घरानेसुद्धा २०२५ च्या ऑगस्टमधल्या १३ व्या आवृत्तीपासून ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर देणं थांबवलं. "पण हायकू ट्राय कर," तो म्हणाला.

हायकू ही एक ऑपरेटिंग सिस्टिम आहे, आणि तिची स्टोरी एकदम फिल्मी आहे. अ‍ॅपलमधून बाहेर पडलेल्या जाँ-लुई गासे यांनी १९९० साली कॅलिफोर्नियात 'बी' नावाची कंपनी काढली. त्यांची बीओएस ही सिस्टिम त्या काळाच्या मानाने जाम फास्ट होती. एका वेळी चार व्हिडिओ, वर गाणं, तरी माउस अडकायचा नाही. १९९६ मध्ये अ‍ॅपलला नवीन सिस्टिम हवी होती. बीशी बोलणी झाली, पण शेवटी अ‍ॅपलने नेक्स्ट ही कंपनी घेतली, स्टीव्ह जॉब्स परत आले आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे. बीचं काय झालं? २००१ मध्ये पामने १ कोटी १० लाख डॉलरला ती विकत घेतली. खेळ खल्लास.

पण वापरणाऱ्यांना खेळ संपवायचा नव्हता. त्याच वर्षी काही हौशी प्रोग्रॅमर मंडळींनी 'ओपनबीओएस' सुरू केलं. तशीच सिस्टिम, पण पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहायची, तीही फुकट! २००४ मध्ये तिचं नाव हायकू झालं. बीओएसचा ब्राउझर एरर आली की हायकू कवितेत सांगायचा, त्याची ही आठवण. पहिली अल्फा आवृत्ती आली २००९ मध्ये, पहिली बीटा २०१८ मध्ये, आणि पाचवी बीटा २०२४ च्या सप्टेंबरमध्ये. आम्ही ती घेतली. हिला ३८४ एमबी रॅम पुरते. म्हणजे आमच्याकडे चक्क जास्तच होती!

जुन्या बोर्डाला पेन ड्राइव्हवरून बूट होता येत नव्हतं. मित्राने डीव्हीडी ड्राइव्ह आणून दिला, डिस्क बर्न करून दिली. काळ्या-राखाडी स्क्रीनवर एकेक चिन्ह उजळत गेलं आणि डेस्कटॉप हजर. चोवीस वर्षांच्या मशीनवर! इंटरनेटची केबल लावली, तर तेही लगेच सुरू. बाबा हळूच खुर्ची ओढून माझ्या मागे बसले.

मग मी गाणं लावलं. प्लेअर पुढे सरकतोय, सेकंद मोजतोय, आणि स्पीकरमधून चिडीचूप.

खोक्यावर जाऊ नका

आता इथे थोडा टेक्निकल फंडा. घाबरू नका, मलाही हे याच आठवड्यात कळलंय.

कार्ड म्हणजे नुसतं लोखंड-तांबं-सिलिकॉन. त्याच्याशी कसं बोलायचं हे ऑपरेटिंग सिस्टिमला उपजत माहीत नसतं. ते माहीत असतं ड्रायव्हरला. कुठल्या रजिस्टरमध्ये काय लिहिलं की आवाज सुरू होतो, गाण्याचा डेटा मेमरीत कुठे ठेवायचा, तो संपत आला की कार्ड कसं हाक मारणार, हे सगळं त्या छोट्या प्रोग्रॅममध्ये असतं. आणि विंडोजसाठी लिहिलेला ड्रायव्हर हायकूला चालत नाही. प्रत्येक सिस्टिमसाठी कुणीतरी तो वेगळा लिहावा लागतो. कार्ड बनवणाऱ्या कंपन्या तो विंडोजसाठी लिहितात, कारण गिऱ्हाईक तिथे आहे. हायकूसाठी कोण लिहिणार? ज्याच्या घरी ते कार्ड आहे आणि ज्याला रात्री झोप येत नाही, तो.

नेटवर्क कार्ड लगेच का चाललं, तेही कळलं. हायकूवाल्यांनी शक्कल लढवली आहे. फ्रीबीएसडी नावाच्या दुसऱ्या एका मुक्त सिस्टिमचे नेटवर्क ड्रायव्हर चालावेत म्हणून त्यांनी मध्ये एक थर लिहिलाय. त्यामुळे तिथले ड्रायव्हर थोड्याफार बदलाने इथे चालतात. साउंडला मात्र असा शॉर्टकट मिळाला नव्हता.

"नंबर बघ," मित्र फोनवर म्हणाला. टर्मिनल उघडून 'लिस्टडेव' अशी कमांड दिली की मशीनमधल्या सगळ्या कार्डांची हजेरी लागते. प्रत्येक पीसीआय कार्डाला दोन नंबर असतात. एक बनवणाऱ्याचा, एक त्या चिपचा. आपलं आडनाव आणि नाव असतं ना, तसंच. सिस्टिम सुरू होताना प्रत्येक ड्रायव्हर हे नंबर तपासतो. ओळखीचा नंबर दिसला तर कामाला लागतो, नाही तर गप्प बसतो.

आमच्या नेटवर्क कार्डाचा नंबर होता १०ईसी:८१३९, म्हणजे रिअलटेकची एके काळी घरोघर असलेली चिप. आणि साउंड कार्डाचा ११०२:०००७.

११०२ म्हणजे क्रिएटिव्ह. बरोबर. बाबांनी खोकासुद्धा जपून ठेवला होता, त्यावर 'साउंड ब्लास्टर लाइव्ह' असं ठळक छापलेलं. हायकूमध्ये साउंड ब्लास्टर लाइव्हचा 'एमक्सकी' नावाचा ड्रायव्हर आहे. मग अडलं कुठे?

अडलं होतं बारीक अक्षरात. खोक्यावर पुढे '२४-बिट' असंही लिहिलं होतं. १९९८ साली आलेल्या मूळ साउंड ब्लास्टर लाइव्हमध्ये ईएमयू१०के१ नावाची चिप होती आणि तिचा नंबर ०००२. पुढे काही वर्षांनी आलेल्या '२४-बिट' लाइव्हमध्ये पूर्ण वेगळी चिप, सीए०१०६. नाव तेच, वंश वेगळा! एमक्सकी ०००२ ला ओळखतो. ०००७ त्याच्या यादीत नाही. संपला विषय.

बाबा खोका हातात घेऊन बघत राहिले. "बोनसमधून घेतलं होतं गं," एवढंच म्हणाले. आणि आत जाऊन पडले.

सोमवार गेला. मंगळवारी माझी दोन डेडलाइन होती. मी लॅपटॉपवर एका कॅफेचा रिव्ह्यू लिहीत होते ('अ‍ॅम्बियन्स मस्त, कॉफी ठीकठाक' टाइप) आणि डोक्यात ०००७ फिरत होतं. शेवटी मीच म्हटलं, "बाबा, उद्या बुधवार आहे. येता का?"

मंगळवार पेठ, वार बुधवार

पुणेकरांना वेगळं सांगायला नको. मंगळवार पेठेतला जुना बाजार भरतो बुधवारी आणि रविवारी. रविवारी आमची फाशी होती, म्हणून बुधवार. पितळी अडकित्ते, बिनकाट्यांची घड्याळं, कॅमेरे, ड्रिल मशीन, आणि मध्येच एका ताडपत्रीवर कॉम्प्युटरच्या आतड्यांचा ढीग.

बायपासनंतर बाबा पहिल्यांदाच एवढं चालले. ताडपत्रीपुढे उकिडवे बसले, चष्मा कपाळावर चढवला, आणि मला एकदम दहा वर्षांपूर्वीचे बाबा दिसले. कार्डं अशी उचलत होते जशी आई मेथी निवडते. मोडेम, बाजूला. ग्राफिक्स कार्ड, बाजूला. एक लांबलचक आयएसए कार्ड हातात आलं तर चेहराच उजळला. "२२०, पाच, एक!" ते म्हणाले. मला वाटलं भाव सांगतायत. मग कळलं, डॉसच्या जमान्यात गेम सुरू करताना साउंड कार्डाचा पोर्ट, आयआरक्यू आणि डीएमए असे तीन आकडे हाताने द्यावे लागायचे. २२०, ५ आणि १. पंचवीस-तीस वर्षांनी ते त्यांना पाठ! पण आमच्या बोर्डावर आयएसएचा स्लॉटच नव्हता, ते परत ठेवलं.

आम्ही खोकी बघतच नव्हतो (तशीही नव्हती). मी मोबाइलच्या टॉर्चने चिपवर छापलेली अक्षरं वाचायची, बाबांनी मान हलवायची. विक्रेत्याला वाटलं आम्ही सोन्याचा अर्क काढणाऱ्यांपैकी आहोत. अर्ध्या तासाने एका धुळकट कार्डावर मधोमध, मोठ्या चौकोनी चिपवर वाचलं : ईएमयू१०के१.

"दीडशे," तो म्हणाला.

"चालतं का?" मी.

"ताई, चालतं असतं तर इथे असतं का?"

लाजवाब लॉजिक. बाबांनी ऐंशीला तोडलं. घरी येऊन पुन्हा खोडरबर.

भोकाचा घोळ

कार्ड बसवलं, मशीन सुरू केलं, लिस्टडेव. ११०२:०००२. मी ओरडलेच! खाली आणखी एक ओळ, ११०२:७००२. हे त्याच कार्डाचं जॉयस्टिकचं पोर्ट. एकाच कार्डावर दोन बिऱ्हाडं.

गाणं लावलं. चिडीचूप.

डोक्याला शॉट. मित्र म्हणाला, बोर्डावरचा बिल्ट-इन साउंड बायोसमध्ये जाऊन बंद कर, नाही तर सिस्टिम त्याच्याकडेच आवाज पाठवत असेल. केला. मीडिया सेटिंगमध्ये जाऊन एमक्सकी निवडला, मीडिया सर्व्हिसेस रीस्टार्ट केल्या. तरी शांतता. मी सिस्टिमचा लॉग उघडून ओळीन् ओळ वाचत बसले. मास कॉममध्ये असलं काही शिकवलं नव्हतं, पण एका शब्दाचा अर्थ न कळता तीनशे ओळी वाचायची प्रॅक्टिस तिथेच झाली होती.

इतक्यात कॅबिनेटच्या मागून बाबांचा आवाज आला. "अगं, स्पीकरची पिन कुठे आहे बघितलंस का?"

पिन बोर्डाच्या जुन्या भोकात होती. अजून. दीड तास!

बाबांनी पिन काढून नव्या कार्डाच्या भोकात घातली आणि हॉलमध्ये एकदम पेटी वाजली. आई पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. कुणी काही बोललं नाही. गाणं पूर्ण वाजलं.

मग दुसरं लावलं आणि सोबत एक फाइल डाउनलोडला टाकली, तर गाण्यात तडतड. पॉपकॉर्न फुटावेत तशी. डाउनलोड थांबवलं की बंद. पुन्हा सुरू, पुन्हा तडतड. मी मित्राला फोन लावणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, "थांब. दोघं एकाच लाइनीवर आहेत."

म्हणजे काय, तर कार्डाला सिस्टिमचं लक्ष हवं असलं की ते इंटरप्टच्या लाइनीवरून हाक मारतं. पीसीआयमध्ये अशा लाइनी चारच, आणि बोर्डावर त्या स्लॉटमागून स्लॉट फिरवून जोडलेल्या असतात. त्यामुळे दोन कार्डांच्या वाट्याला कधी कधी एकच लाइन येते. नियमाप्रमाणे ती वाटून घेता येते. पण जुन्या बोर्डावर नेटवर्क कार्ड सारखं हाका मारत असेल, तर साउंडची हाक उशिरा ऐकू येते आणि तेवढ्यात गाण्याचा डेटा संपतो. उपाय? ड्रायव्हर नाही, कमांड नाही, सेटिंग नाही. कार्ड उपसायचं आणि दोन स्लॉट सोडून बसवायचं.

बाबांनी माळ्यावरून पिशवी काढायला लावली. स्वतःच्या हाताने स्क्रू काढला, कार्ड हलवलं, स्क्रू लावला. (स्क्रू सांभाळायचं काम पुन्हा माझ्याकडे. या वेळी गिळला नाही.) मशीन सुरू. गाणं सुरू. डाउनलोड सुरू.

तडतड बंद.

रविवार

भंगारवाला आला. जुना काचेचा मॉनिटर, दोन पंखे आणि सायकलचा सांगाडा घेऊन गेला. कॅबिनेटकडे त्याने बोट दाखवलं तेव्हा आईच म्हणाली, "ते राहू दे. ते चालू आहे."

मी असं म्हणणार नाही की घराघरातले जुने कॉम्प्युटर जपून ठेवा. तो विजेच्या बिलाचा आणि जागेचा विचार केला तर वेडेपणा आहे. हायकूसुद्धा अजून बीटाच आहे, आणि माझं ऑफिसचं काम मी त्यावर करणार नाही. पण 'हे आता चालत नाही' असं आपण जेव्हा म्हणतो, तेव्हा दर वेळी वस्तू मेलेली नसते. बऱ्याचदा एवढंच झालेलं असतं, की तिच्याशी कसं बोलायचं हे माहीत असलेलं आता जवळ कुणी नसतं. कुणीतरी, कुठेतरी, पगाराशिवाय रात्री जागून ११०२:०००२ साठी ते लिहून ठेवलं, म्हणून आमच्या हॉलमध्ये पेटी वाजली.

आणि ०००७ चं काय? ते २४-बिटवालं कार्ड मी भंगाराच्या पिशवीत टाकलं होतं. पॅकिंग करताना बघते तर बाबांनी ते बाहेर काढून वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेलं. वर स्केचपेनने मोठ्या अक्षरात नंबर लिहिलेला.

"याचा ड्रायव्हर नाहीये बाबा."

"आज नाहीये," बाबा म्हणाले. "लिहील कुणीतरी."

करून बघणार असाल तर...

• खोका नाही, नंबर बघा. लिस्टडेवमधले दोन आकडे हेच कार्डाचं खरं नाव. विकत घेताना चिपवरची अक्षरं वाचा.

• जुने बीओएसचे प्रोग्रॅम चालवायचे असतील तर हायकूची ३२-बिट आवृत्ती घ्या. ६४-बिटवर ते चालत नाहीत. ड्रायव्हरची मात्र ३२-बिटवरही गॅरंटी नाही.

• बाहेरून मिळालेला ड्रायव्हर सिस्टिमच्या मुख्य फोल्डरमध्ये टाकता येत नाही, तो फक्त वाचण्यापुरता असतो. त्यासाठी 'नॉन-पॅकेज्ड' नावाचं फोल्डर आहे.

• बूट होताना मशीन अडकलं तर शिफ्ट दाबून ठेवून पुन्हा सुरू करा. मेनू येईल. तिथून सेफ मोड निवडता येतो, आणि त्रास देणारा एखादा ड्रायव्हर बंदही करता येतो.

• कार्डाला हात लावण्याआधी पिन भिंतीतून काढा. आणि हो, स्पीकरची पिन कुठल्या भोकात आहे ते सगळ्यात आधी बघा!